'कल्पित' आणि 'कल्पिलेले' : एका क्रियापदाची हेळसांड

गेली काही वर्षे आपल्या चर्चासत्रांत, प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणांत आणि समीक्षालेखांत एक युक्तिवाद इतक्या सहजपणे वावरतो आहे, की त्याला कोणी हटकत नाही. राष्ट्र कल्पित असते. जे कल्पित ते असत्य. म्हणून राष्ट्र असत्य. एकदा हा साचा हाती आला की तो प्रदेशाला लावता येतो, भाषेला लावता येतो, एखाद्या जातसमूहाच्या आत्मभानालाही लावता येतो. प्रत्येक वेळी साक्षीला उभे केले जाते ते बेनेडिक्ट अँडरसन यांचे नाव. साक्षीदाराने प्रत्यक्षात काय सांगितले आहे, हे पाहण्याची गरज मात्र कोणाला भासत नाही.

हा युक्तिवाद अँडरसन यांचा नाही. तो आपल्या भाषांतराचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. इंग्रजीतील 'इमॅजिन' या क्रियापदाला आपण 'कल्पना करणे' हा एकच प्रतिशब्द नेमून दिला, त्यापासून झालेल्या 'इमॅजिन्ड' या रूपासाठी 'कल्पित' हा तयार तत्सम शब्द उचलला, आणि त्या शब्दाला मराठीत चिकटलेला खोटेपणाचा वास हा सिद्धान्ताचाच वास आहे असे समजून चाललो. हा दोष केवळ इतरांचा नाही. प्रस्तुत लेखकानेही बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गात 'कल्पित समुदाय' असेच उतरवून दिले. एका विद्यार्थ्याने विचारले, ''मग सर, हुतात्मा चौकात ज्यांचे स्मारक आहे ती माणसे एका थापेसाठी मेली का?'' त्या दिवशी वर्गात दिलेले उत्तर लंगडे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम अँडरसन काय म्हणतात ते पाहू. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या ग्रंथात त्यांनी राष्ट्राला 'इमॅजिन्ड' म्हटले ते एका साध्या कारणासाठी. अगदी लहान राष्ट्रातील माणूसही आपल्या बहुसंख्य राष्ट्रबांधवांना कधी भेटत नाही, ओळखत नाही. तरीही आपण त्यांच्याशी जोडलेले आहोत हे चित्र त्याच्या मनात नांदत असते. यात खरेखोटेपणाचा प्रश्नच नाही. उलट अर्नेस्ट गेल्नर यांनी १९६४ च्या 'थॉट अँड चेंज'मध्ये राष्ट्रवाद राष्ट्रे शोधून काढतो, असे जे प्रतिपादन केले, त्यावर अँडरसन यांचा आक्षेप नेमका हाच आहे, की गेल्नर रचण्याला बनावटपणाच्या रांगेत नेऊन बसवतात. त्याला निर्मितीच्या रांगेत बसवायला हवे होते. समोरासमोरच्या ओळखीवर चालणाऱ्या आदिम खेड्यापेक्षा मोठा कोणताही समाज कल्पिलेलाच असतो, आणि कदाचित ते खेडेही. तेव्हा समाजांची वर्गवारी ते खरे की खोटे यावरून करता येत नाही; ते कोणत्या रीतीने कल्पिले गेले यावरूनच ती करावी लागते. म्हणजे ज्या आरोपाचे खंडन करण्यासाठी अँडरसन यांनी हे क्रियापद निवडले, तोच आरोप आपण त्यांच्या नावावर जमा केला आहे. माणसे राष्ट्रासाठी मरायला का तयार होतात, हा त्यांच्या ग्रंथाचा मूळ प्रश्न. आपल्या भाषांतरात तो प्रश्नच नाहीसा होतो.

आता या क्रियापदाकडे वळू. ते लॅटिनमधून, प्रतिमावाचक 'इमागो' या शब्दाच्या कुळातून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. आज त्याचे निदान चार व्यवहार आहेत. डोळ्यांपुढे चित्र उभे करणे, हा पहिला. अंदाज बांधणे, हा दुसरा. 'तो उद्या येईल असे वाटते' हे इंग्रज याच क्रियापदाने म्हणू शकतो. नसलेले असल्यासारखे वाटणे, हा तिसरा. 'तुला भास होतो आहे' असे आपण म्हणतो तेथेही त्याला हेच क्रियापद चालते. चौथा निव्वळ उद्गाराचा, आपल्या 'बघा तरी!' सारखा. मराठी माणूस बोलताना या चार जागी चार निराळे शब्द आपसूक वापरतो. समीक्षा लिहायला बसला की मात्र त्याला एकच शब्द आठवतो, आणि अर्थ त्यातल्या त्यात तिसरा.

याशिवाय एक पाचवा अर्थ आहे. तो आज लोकव्यवहारातून गेला असला तरी कायद्यात टिकून आहे. इंग्लंडच्या १३५१ च्या राजद्रोहविषयक कायद्यानुसार राजाचा मृत्यू 'इमॅजिन' करणे हा राजद्रोह ठरतो. येथे या क्रियापदाचा अर्थ मनात योजणे, बेत रचणे असा आहे. १७९४ मध्ये टॉमस हार्डी, हॉर्न टूक आणि जॉन थेलवॉल या सुधारणावाद्यांवर याच कायद्याखाली खटले चालले. लोकप्रतिनिधित्वाची मागणी करणाऱ्या परिषदेची परिणती अखेर राजाच्या नाशात होणार, म्हणून ती बोलावू पाहणाऱ्यांनी राजाचा मृत्यू योजला असे समजावे, अशी सरकारपक्षाची मांडणी होती. हे योजणे आरोपींच्या मनात खरोखर होते असे सिद्ध झाले पाहिजे, असा बचावपक्षाच्या अर्स्किन यांचा आग्रह होता. तिघेही निर्दोष सुटले. जॉन बॅरल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या एका क्रियापदाभोवतीची ही झुंज तपशिलाने उलगडली आहे. त्यांतला थेलवॉल १७९७ मध्ये कोलरिजच्या घरी पाहुणा म्हणून गेला होता, आणि त्याच कोलरिजने पुढे १८१७ मध्ये 'बायोग्राफिया लिटरारिया'त 'इमॅजिनेशन'ला कवीच्या सर्जनशक्तीचे नाव म्हणून प्रतिष्ठा दिली. ज्या शब्दासाठी माणसाला फासावर जावे लागण्याची शक्यता होती, तो शब्द हवेतल्या मनोऱ्यांचा खासच नव्हता.

कोलरिजच्या बाबतीत आपण काय केले तेही पाहण्यासारखे आहे. स्मरणातले सुटे, ठरीव तुकडे नुसते जुळवणारी ती 'फॅन्सी' आणि त्यांना विरघळवून नव्याने घडवणारी ती 'इमॅजिनेशन', हा त्याचा भेद आपण आदराने स्वीकारला आणि दुसरीसाठी 'प्रतिभा' हा संस्कृत काव्यशास्त्रातला मानाचा शब्द योजला. भट्टतौतापासून अभिनवगुप्तापर्यंतची परंपरा त्या शब्दामागे उभी केली. मात्र त्याच धातूचे रूप समाजाविषयी बोलताना समोर आले, तेव्हा आपल्याला 'कल्पित' सुचले. कवीने केले तर प्रतिभा आणि समाजाने केले तर थाप! या वाटणीमागे कोणताही सिद्धान्त नाही. व्यक्तीचे मन तेवढे निर्माण करते आणि समूह केवळ फसतो, या आपल्या जुन्या रोमँटिक समजुतीचा तो अवशेष आहे. समूहजीवनाची चिकित्सा करायला निघालेल्या समीक्षेनेच तो जपून ठेवावा, ही गंमत म्हणायची की खेदाची गोष्ट, हे वाचकांनी ठरवावे.

वास्तविक 'कल्प्'च्या कुळात खोटेपणा मुळातला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विधात्याने सूर्य आणि चंद्र पूर्वीप्रमाणे रचले असे सांगताना याच धातूचे रूप वापरले आहे. यज्ञविधींची रचना सांगणारी सूत्रे ती कल्पसूत्रे. पुढे तर्कशास्त्रात या शब्दाला वेगळे वळण मिळाले. दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्याच 'कल्पनेपासून मुक्त' अशी केली, तेव्हा नाम, जाती इत्यादींची जोड देणारे मनाचे कार्य ते कल्पना, असा अर्थ स्थिरावला आणि तिच्याविषयी संशयाला जागा झाली. तरीही मराठीने हे कूळ संशयितांच्या यादीत टाकलेले नाही. संकल्प सोडणारा माणूस खोटे बोलत नसतो. धरणाचा प्रकल्प गावे उठवतो. अर्थसंकल्पाने माणसाच्या ताटातली भाकर कमीजास्त होते. 'मला याची कल्पना नव्हती' या वाक्यात कल्पना म्हणजे चक्क माहिती, आणि 'संबंधितांना पूर्वकल्पना द्यावी' असे लिहिणारा कारकून कोणाला स्वप्ने वाटत नसतो. भाषेकडे एवढे भांडवल असताना आपली समीक्षा उसनवारी करते, आणि उसने आणलेलेही नीट मोजून घेत नाही.

अडचण मुख्यतः 'कल्पित' या रूपात आहे. संस्कृतातून जशीच्या तशी घेतलेली अशी कित्येक धातुसाधिते मराठीत क्रियेपासून सुटतात आणि थिजलेली विशेषणे होतात. 'सांगितलेला' म्हटले की कोणी सांगितले हे विचारता येते. 'कथित' म्हटले की वर्तमानपत्री संशय तेवढा उरतो. 'कल्पित'चे तसेच आहे. त्यातली क्रिया गेली, कर्ता गेला, 'कपोलकल्पित'च्या शेजारामुळे अब्रूही गेली. 'कल्पिलेले' मात्र जिवंत आहे. ते ऐकताच मनात प्रश्न उठतो : कोणी कल्पिलेले? आणि खरा वाद तेथेच सुरू होतो. पार्थ चटर्जी यांनी १९९३ च्या 'द नेशन अँड इट्स फ्रॅग्मेंट्स'मध्ये अँडरसन यांच्यावर घेतलेला आक्षेप असा, की राष्ट्राचे साचे युरोप-अमेरिकेत आधीच तयार झाले असतील, तर वसाहतीतल्या लोकांनी कल्पायचे काय उरते? हा आक्षेप क्रियापदाच्या कर्त्याविषयी आहे. 'कल्पित समुदाय' एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला तो कळूच शकत नाही, कारण त्याच्या शब्दात कर्त्याला जागाच ठेवलेली नाही.

यावर असे म्हटले जाईल, की राष्ट्रवादाच्या नावाने एवढे अत्याचार झाले असताना त्याला थोडा संशयाचा वास लागला तर बिघडले कुठे? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु संशय घेण्याचे हे साधन बोथट आहे. सगळेच कल्पित आणि म्हणून खोटे ठरले, की जुलूम करणाऱ्याची कल्पना आणि जुलूम सोसणाऱ्याची कल्पना यांत फरक करण्याचा आधार आपण गमावतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त अवतारकथा उलट्या वाचल्या आणि बळीराजाभोवती एक समाज उभा केला. या साच्यात घालून त्यालाही 'कल्पित' म्हणून मोडीत काढता येते, तसे काढणारेही आहेत, आणि आता त्यांच्या हाती सिद्धान्ताचे प्रमाणपत्रही आले आहे. उलट 'कोणी, कोणासाठी, कोणत्या साधनांनी कल्पिले' असे विचारले, की १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ज्या थोड्यांच्या हाती पडत होते त्यांचा मराठी समाज आणि फुल्यांनी कल्पिलेला शूद्रातिशूद्रांचा समाज यांची तुलना करता येते, आणि कोणाच्या कल्पनेत कोणाला जागा नव्हती हेही दाखवता येते. चिकित्सा म्हणतात ती हीच.

या भेदाची सर्वांत नेमकी जाण आपल्याकडे दाखवली ती समीक्षकाने नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी, आपण राष्ट्र आहोतच असे मानणे हा मोठा भ्रम असल्याचे बजावले. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असा सवाल केला. पण ते तेथे थांबले नाहीत. आपण अद्याप राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमगेल तितके बरे, कारण तेव्हाच राष्ट्र होण्याची निकड आपल्याला कळेल आणि त्याच्या मार्गांचा आपण विचार करू, असे त्यांचे म्हणणे होते. भ्रम वेगळा आणि कल्पिणे वेगळे. भ्रम आहे ते झाकतो. कल्पिणे जे नाही ते घडवायला घेते, आणि त्यासाठी आधी ते नाही हे कबूल करते. बंधुता हा संविधानातला शब्द वर्णन म्हणून वाचला तर खोटा ठरेल. योजलेले काम म्हणून वाचला तरच तो खरा आहे.

तेव्हा मागणी लहानशी आहे. 'इमॅजिन'ला एकच प्रतिशब्द नेमण्याचा हट्ट सोडावा. जेथे भास तेथे भास म्हणावे, जेथे अंदाज तेथे अंदाज, जेथे योजणे तेथे योजणे. अँडरसन यांच्या ग्रंथाविषयी बोलताना 'कल्पिलेले समाज' म्हणावे, कानाला किंचित खडबडीत लागले तरी. आणि यापुढे 'राष्ट्र कल्पित आहे' असे वाक्य प्रबंधात आढळले, तर परीक्षकाने समासात एवढेच लिहावे : कोणी कल्पिलेले? त्या विद्यार्थ्याला मला तेव्हा हेच सांगायचे होते, की ती माणसे थापेसाठी मेली नाहीत. भाषेच्या आधारे उभे राहू पाहणारे एक राज्य त्यांनी कल्पिले होते. १ मे १९६० रोजी ते राज्य झाले. ते कोणासाठी झाले आणि कोणासाठी व्हायचे राहिले, हे त्यानंतरचे प्रश्न आहेत, आणि 'कल्पित' हा शब्द बाजूला ठेवल्याशिवाय ते विचारताच येत नाहीत.