घरच्या घरी बोलका पट

चेन्नईहून मामल्लपुरमच्या रस्त्याला लागले की वाटेत सिरुसेरी येते. संगणक कंपन्यांची प्रशस्त आवारे आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, अशी या गावाची आजची ओळख. हाच रस्ता पुढे जातो त्या मामल्लपुरमला २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाड भरले होते. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख तिथे खेळले आणि त्यांचे डाव लोकांनी घरबसल्या पाहिले. चाली कोणी लिहून कळवत नव्हते. ते काम पटच करत होता!

असा तयार पट बराच महाग पडतो. पण थोडे सोल्डरिंग जमणाऱ्या कॉलेजातल्या मुलाला तो घरी करता येतो. प्रत्येक घराखाली एक रीड स्विच बसवायचा. ही काचेची बारीक नळी. आत लोखंडी पात्यांची जोडी. वर चुंबक आले की पाती चिकटतात आणि वीज वाहते. चुंबक सोंगटीच्या तळाशी चिकटवायचे, सगळ्यांचे एकच टोक खाली ठेवून, नाहीतर शेजारची प्यादी एकमेकांना बिलगतात. चौसष्ट स्विचांना चौसष्ट वायरी लागत नाहीत. आठ आडव्या, आठ उभ्या, अशा सोळा पुरतात. मात्र प्रत्येक स्विचला एक डायोड हवाच. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर सोंगट्या असल्या की डायोडवाचून चौथ्या रिकाम्या कोपऱ्यावरही सोंगटी असल्याचा भास पटाला होतो. डाव मांडल्या मांडल्या बत्तीस घरे भरलेली, म्हणजे घोटाळा पहिल्याच क्षणी!

खरी परीक्षा पुढे आहे. या पटाला एवढेच कळते की घरात काहीतरी आहे किंवा नाही. घोडा आणि उंट त्याला सारखेच. (ऑलिंपियाडसारख्या स्पर्धांतल्या पटांवर प्रत्येक सोंगटीच्या तळात वेगळे वेटोळे असते, म्हणून ते सोंगटी ओळखतात.) मग सुरुवातीची मांडणी लक्षात ठेवून प्रोग्रामने एकेक चाल मोजत जायचे. राजा दोन घरे सरकला तर किल्लेकोट समजून हत्तीची वाट पाहायची. मारताना कोणी आधी आपली सोंगटी उचलतो, कोणी समोरच्याची. दोन्ही चालवून घ्यायचे. प्यादे शेवटच्या पट्टीत पोचले की वजीर हवा की घोडा, हे बटणानेच विचारावे लागते. कोणाचे कोपर लागून चार सोंगट्या पडल्या की मग विचारायलाच नको. खेळाचे नियम आपल्याला किती अर्धवट ठाऊक होते, ते इथे कळते.

एवढा खटाटोप कशासाठी? मुंबईच्या भव्य गोहिल आणि अतूर मेहता यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. सोंगट्या आपोआप सरकवणारा त्यांचा ‘स्क्वेअर ऑफ’ २०१६ मध्ये जगापुढे आला, पण त्याचे मूळ अंध खेळाडूंसाठी पट करण्याच्या कल्पनेत होते. मुंबईचेच चारुदत्त जाधव स्वतः अंध खेळाडू. त्यांनी ‘टॉक ६४’ हे बोलके सॉफ्टवेअर तयार केले. अंधांचे बुद्धिबळ ऑलिंपियाडही २०१२ मध्ये चेन्नईतच झाले होते.

त्यांच्या पटाची काळी घरे किंचित उंच असतात, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर खूण असते आणि प्रत्येक सोंगटी घराच्या मधोमध भोकात खोचलेली असते. घरी पट करणाऱ्याने स्विच या भोकाला लागून बसवावा आणि एक छोटा स्पीकर जोडावा. अंध खेळाडू बोटांनी सगळा डाव पुन्हापुन्हा चाचपून पाहतो. नियमाप्रमाणे तो स्पर्श धरत नाहीत. सोंगटी भोकातून बाहेर आली तरच ती ‘हात लावलेली’ ठरते. आपला घरगुती पटही नेमका तेव्हाच जागा होतो.