पाऊस शून्य, पान ओले

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर येणाऱ्या पत्रांत दरवर्षी डाऊनीचे रडगाणे असतेच. यंदा त्याला नवी ओळ जोडली गेली आहे: "मोबाइलवर धोका कमी दाखवत होता, म्हणून फवारणी पुढे ढकलली आणि घड गेले." निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर, सगळीकडून थोड्याफार फरकाने हेच. काहींनी बागेत स्वतःचे यंत्र बसवले आहे, काही महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालणारा सल्ला वाचतात. राग सगळ्यांचा धोका वर्तवणाऱ्या मॉडेलवर आहे.

मॉडेलला दोष देण्याआधी त्याला आकडे कुठून मिळतात ते पाहावे. डाऊनीच्या बुरशीला रात्री किमान चार तास अंधार, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि १३ अंशांच्या वर तापमान मिळाले की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी वाढ दिसते. पुढच्या लागणीला पानावर पाण्याचा थर हवा. २०-२५ अंशांत तो दोन तास टिकला तरी पुरतो. हे पाणी पावसाचेच असले पाहिजे असे बुरशीचे काही म्हणणे नाही. पोंग्यापासून दोडा अवस्थेपर्यंत आपल्या बागा ज्या दिवसांत असतात, त्यांतल्या कितीतरी पहाटे दवाने भिजलेल्या असतात. पर्जन्यमापकात थेंब पडत नाही. मांडवाखालचे पान मात्र नऊ-दहापर्यंत ओले असते, वाय आकाराच्या मांडणीवरचे त्याच्या थोडे आधी सुकते.

आता सरकारी बाजू. राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक महावेध केंद्रे आहेत. ती तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा मोजतात. पान किती वेळ ओले राहिले हे मोजत नाहीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने विंड्स योजना आणली. तीत तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक. म्हणजे गावागावात यंत्र पोहोचणार, पण ते मोजणार पाऊसच. जाळे विणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पीकविमा होता, रोग नव्हता, हे समजते. पण द्राक्षाच्या फळपीक विम्याचे निकष तरी काय आहेत? अवेळी पाऊस आणि किमान तापमान. तेही एक मॉडेलच, आणि फार ढोबळ. सलग आठ दिवस धुके राहून फुलोऱ्यात घड कुजले, तर कागदोपत्री त्या बागेत काहीच घडलेले नसते. भरपाईचा अर्ज घेऊन गेलेल्या बागायतदाराला 'तुमच्या मंडळात पाऊस शून्य आहे' असे सांगितले जाते, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो!

पर्णओलाव्याचा संवेदक ही काही चंद्रावर न्यायची वस्तू नाही. तो खाजगी यंत्रांत असतोच. असलेल्या केंद्रांवर, निदान द्राक्ष, डाळिंब, केळीच्या मंडळांत, तो जोडा, ही मागणी केली की उत्तर मिळते: आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किती तास होती यावरून अंदाज काढता येतो. येतो, ढोबळ येतो. पण कुठल्या तरी आवारात मोकळ्यावर उभ्या असलेल्या खांबाची आर्द्रता आणि रात्री ठिबक चालवलेल्या दाट बागेतली आर्द्रता एकच, असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा पहाटे बागेत येऊन शर्ट भिजवून घ्यावा.

सल्ला देणाऱ्या माणसांचीही तीच कथा. कृषी विज्ञान केंद्रांमधली जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशभरात १९९ होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याचा सल्ला तिथून निघे. २०२४ च्या मार्चअखेर ती बंद केली गेली. यंत्रे वाढवायची आणि यंत्राचा आकडा पिकाच्या अवस्थेशी लावून सांगणारा माणूस कमी करायचा, हा हिशेब आम्हाला अजून उमगलेला नाही.

खाजगी यंत्रांबद्दल थोडेच. त्यांत दोष आहे तो आतल्या मॉडेलविषयी कुणी बोलत नाही हा. इटलीतला जुना ठोकताळा आहे: तापमान १० अंशांवर, फूट १० सेंटिमीटर, पाऊस १० मिलिमीटर. तिथे बुरशी हिवाळा गळलेल्या पानांत काढते, तेव्हा पहिली लागण ओळखायला तो उपयोगी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. खरड छाटणीच्या पानांवर पावसाळाभर नांदलेला डाऊनी सरळ नव्या फुटीवर उतरतो, आणि ऑक्टोबरात १० अंशांची अट तर रोजच पुरी होते. भुरीसाठी कॅलिफोर्नियातला निर्देशांक आहे: २१ ते ३० अंशांत सलग सहा तास गेले की २० गुण. तो नाशिकच्या डिसेंबरला कितपत लागू पडतो, हे यंत्र विकणाऱ्याला विचारा. उत्तर आले तर आम्हालाही कळवा.

आणि आता आपल्या घरचे. यंत्र घेतलेल्या बागायतदारांना आम्ही पत्राने विचारले, पहिला तेलकट डाग कोणत्या तारखेला दिसला? बहुतेकांकडे तारीख नाही. फवारणीची वही आहे, कारण निर्यातीला ती लागते. २०१० मध्ये सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अंशापायी युरोपात माल अडकला तेव्हापासून वहीचे महत्त्व पटले. पण त्या वहीत औषध आहे, मात्रा आहे, रोग नाही. दिवसाआड ब्लोअर फिरवणाऱ्याच्या बागेत मॉडेल बरोबर होते की चूक, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. धोका दाखवला, फवारले, डाग आला नाही. मग श्रेय कुणाचे, मॉडेलचे की डायमेथोमॉर्फचे?

तेव्हा उशिरा छाटणाऱ्या मंडळींनो, एक काम कराच. बागेच्या कडेला चार-पाच वेली डाऊनीच्या फवारणीतून वगळा. पोटात गोळा येईल, माहीत आहे. डाग दिसला की त्याच दिवशी त्यांवर फवारा, हवे तर ती पाने काढून जाळा, पण तारीख लिहा. तिथून चार ते सात दिवस मागे जा आणि त्या पहाटे पान किती वाजेपर्यंत ओले होते ते बघा. यंत्र असेल तर त्यातून, नसेल तर सकाळी बागेत जाऊन हात लावून. छाटणीची तारीख, वाण, मांडव की वाय, पाण्याची वेळ, हे सोबत. विभागवार नोंदी जमल्या तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांपुढे ठेवता येतील, आणि विम्याच्या बैठकीत 'पाऊस शून्य' म्हणणाऱ्यापुढेही. नोंदी फुलोरा संपताच पाठवा; मण्यांत पाणी उतरेपर्यंत थांबू नका, तेव्हा तुम्हाला लिहायला सवड नसते आणि आम्हाला छापायला उशीर झालेला असतो. कोऱ्या कागदावर, पेन्सिलीने लिहिलेल्याही चालतील.