परदेशी शेतीतली उन्हाळी इंटर्नशिप: शिक्षण की नुसती मजुरी?

बी.एस्सी. ॲग्रीला असलेल्या पोराला परदेशी इंटर्नशिपचं बोलावणं आलं की घरात पेढे वाटले जातात. पैशाची जुळवाजुळव सुरू होते, प्रसंगी सोसायटी, पाहुणे-रावळे सगळीकडे हात पसरले जातात. पण हातात पडलेला कागद शिक्षणाचा आहे की मजुरीचा, हे फारसं कोणी विचारत नाही.

जायचे रस्ते दोन. पहिला विद्यापीठाचा. केंद्र सरकार आणि जागतिक बँकेनं निम्मा-निम्मा वाटा उचललेल्या ११०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून, म्हणजे ‘नाहेप’मधून, कृषी विद्यापीठांचे विद्यार्थी परदेशात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला गेले. तो प्रकल्प आता संपला आहे. दुसरा रस्ता खासगी सल्लागाराचा. पहिला अरुंद झाला की गर्दी दुसऱ्यावर होणार, हे उघड आहे.

शिकण्यासारखं आहे, पण कुठं?

नेदरलँड्समधल्या काचगृहात उन्हाळ्यात गेलेल्या मुलाच्या वाट्याला बहुतेक तोडणी, पानं काढणं, वेल उतरवणं अशीच कामं येतात. त्यात कमीपणा काही नाही. शिक्षण त्या कामाच्या आजूबाजूला असतं. टोमॅटो मातीत नसतो, रॉकवूल किंवा कोकोपीटच्या पिशवीत असतो. किती पाणी दिलं आणि किती निथळून आलं, हे रोज मोजतात. निथळलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. परागीभवनासाठी भुंगमाश्यांच्या पेट्या ठेवतात.

आपल्या बागायतदाराच्या कामाची गोष्ट तर त्याहून जवळची. भारतातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांचा मोठा हिस्सा नेदरलँड्समध्ये उतरतो. २०१० मध्ये द्राक्षात सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला आणि युरोपातल्या खरेदीदारांनी माल नाकारला. नाशिक पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी तो फटका सोसला. माल उतरतो तिथं राहिलेल्या मुलाला फवारणीची नोंदवही खरेदीदार का मागतो, हे पुस्तकाशिवाय कळतं. पण मालकानं तोडणीशिवाय काही दाखवलंच नाही, तर दोन महिन्यांत क्रेट उचलण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

कागद काय सांगतो

अमेरिकेच्या जे-१ इंटर्न व्हिसात हा फरक नियमानंच केला आहे. डीएस-७००२ हा प्रशिक्षण आराखडा लागतो. त्यावर विद्यार्थी, यजमान आणि प्रायोजक संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. अकुशल मजुरीसाठी हा व्हिसा वापरता येत नाही. उलट ब्रिटनचा हंगामी कामगार व्हिसा हा तोडणी-काढणीच्या कामाचाच आहे. त्याला इंटर्नशिप म्हणून कोणी विकत असेल तर ती फसवणूक समजावी.

इस्रायलमधल्या ‘शिका आणि कमवा’ योजना उन्हाळ्यापुरत्या नसतात, साधारण अकरा महिन्यांच्या असतात. आठवड्यातले बहुतेक दिवस शेतावर आणि एखादा दिवस वर्गात, असा त्यांचा साचा. अशाच योजनेतून गेलेले नेपाळचे १७ कृषी विद्यार्थी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझा सीमेजवळच्या अलुमिम किबुत्झवर होते. हमासच्या हल्ल्यात त्यातले दहा जण मारले गेले. पोचून त्यांना काही आठवडेच झाले होते. शेत नेमकं कुठं आहे, हा प्रश्न पगाराच्या आकड्याआधी यायला हवा.

खरिपाचा हिशोब

युरोपचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पेरणी-कोळपणी चालू असते आणि सातव्या सत्रातल्या मुलांचा ‘रावे’ही याच दिवसांत गावात असतो. कॉलेजची लेखी परवानगी न घेता गेलं तर सत्र बुडू शकतं. घरात ऐन पेरणीला एक माणूस कमी पडतो, ते वेगळंच.

जाण्याआधी

परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्राकडे नोंदणी करावी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. त्याच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. ‘शैक्षणिक सल्लागार’ अशी पाटी लावली की माणूस या चौकटीतून निसटतो. म्हणून पालकांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात: व्हिसाचा नेमका प्रकार, रोजचे कामाचे तास, विमा आणि शेताचा पूर्ण पत्ता. एवढंही द्यायला टाळाटाळ होत असेल तर पैसे देऊ नयेत.

कॉलेजांनाही हात झटकता येणार नाहीत. परवानगी देण्याआधी प्रशिक्षण आराखडा पाहणं आणि परत आलेल्या मुलाला कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांसमोर बोलायला लावणं, याला वेगळा निधी लागत नाही. एका पोराच्या दोन महिन्यांतून तालुक्याला काही मिळायचं असेल, तर सुरुवात इथूनच होऊ शकते.