आमच्या गावात बर्फ पडेल का?



थंडीची लाट येणार असे रेडिओवर सांगितले, तेव्हापासून वर्गात एकच चर्चा. यंदा निफाडला बर्फ पडणार! मलाही आधी मज्जा वाटली. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "हिम ढगातून पडते. आपल्याकडे आभाळ मोकळे असते तेव्हाच कडाक्याची थंडी पडते. मग बर्फ येणार कोठून?" महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे पांढरे दिसते, तेसुद्धा गोठलेले दवच असते.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ४-५ अंशांवर आला, की आमच्या घरी काळजी सुरू होते. थंडीने द्राक्षाचे मणी फुगत नाहीत, तयार मणी तडकतात. म्हणून वडील पहाटेच उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे कोमट पाणी सोडतात.

पण बागेला शेकोटी मिळते. ओढ्याकाठी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या आहेत. तिथली मुले आमच्याच वर्गात बसतात. कोपी पाचटाची, आत शेकोटी पेटवायची सोय नाही. एक ठिणगी उडाली तरी सगळे जळेल. म्हणून ती पोरं रात्रभर कुडकुडतात.

मला वाटते, आपण बर्फाची वाट बघू नये. प्रत्येक घरातून एक जुनी गोधडी कोप्यांवर द्यावी. माझी मी सोमवारी शाळेत आणणार आहे. आई म्हणाली, "ने, पण आधी धुऊन वाळवू."

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी