धर्माची गाय नव्हे, कायद्याचा शिधा

बाजारपेठेत चार व्यापारी एकत्र बसले, किंवा शहरातील सुशिक्षित मंडळी चहाच्या निमित्ताने जमली, आणि बोलणे रेशनच्या धान्याकडे वळले, म्हणजे एक तक्रार हटकून ऐकू येते. सरकार गरिबांस धान्य फुकट देते; पण गरीब ते खातात कोठे? ते तांदूळ विकतात आणि आलेल्या पैशांची चैन करतात! ही तक्रार करणारे गृहस्थ दुष्ट असतात असे मुळीच नाही. अशा तांदळाची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिलेली बाई त्यांपैकी पुष्कळांनी स्वतः पाहिलेली असते. जे डोळ्यांनी पाहिले ते खोटे कसे म्हणावे? आम्हीही ते खोटे म्हणत नाही. परंतु डोळ्यांस पिशवी दिसते. त्या पिशवीमागचा हिशेब दिसत नाही. तो हिशेब आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडणार आहो. जमाखर्च तपासण्यात व्यापारीवर्गाचा हातखंडा आहे, तेव्हा निकालही त्यांनीच द्यावा.

प्रथम जमेची बाजू घेऊ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याअन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास एकंदर ३५ किलो धान्य मिळते. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी ५ वर्षे ते तसेच देण्याचे ठरले. देशातील सुमारे ८० कोटी व महाराष्ट्रातील सुमारे ७ कोटी माणसे ह्या व्यवस्थेत येतात. म्हणजे हा विषय झोपडपट्टीच्या एखाद्या कोपऱ्याचा नव्हे. निम्म्याहून अधिक महाराष्ट्राच्या चुलीचा आहे.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. माणसे ५, धान्य २५ किलो. सरकारने २०२२-२३ मध्ये केलेल्या कुटुंबखर्चाच्या पाहणीत असे आढळले की, ग्रामीण भागात एक माणूस महिन्यास सरासरी साडेनऊ किलोंच्या आसपास धान्य खातो व शहरात ८ किलोंच्या आसपास. त्या मानाने ५ माणसांस ४० ते ४८ किलो धान्य लागावयाचे. सरकार देते २५. उरलेले त्या घराने बाजारातूनच आणावयाचे. ज्याचा शिधा महिना निम्मा होताच संपतो, तो त्यातूनही ४-५ किलो तांदूळ विकावयास का काढतो? "चैन" हे उत्तर देणाऱ्याने हे गणित सोडवून दाखवावे. पोट मारून चैन करणारा मनुष्य आमच्या तरी पाहण्यात नाही.

खरे उत्तर पिशवीच्या आतच आहे. तीत तांदूळ आहे व गहू आहे. डाळ नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही. ते धान्य दळावयाचे तर गिरणीवाल्यास रोख पैसे मोजावे लागतात. चुलीस सरपण लागते, नाहीतर सिलिंडर. भात नुसता गिळता येत नाही, त्यावर काहीतरी ओतावे लागते. आणि ते जे काहीतरी, तेच आज सर्वांत महाग! गव्हाची पोळी करू म्हटले तर तेल हवे. भाकरीस ते लागत नाही. सोलापूर आणि मराठवाडा ह्या प्रदेशांत मजुराच्या कष्टास आधार पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या भाकरीचा आहे. अशा घरात महिन्याच्या महिन्यास मोठा वाटा तांदळाचा आला, म्हणजे घरधनीण काय करणार? ती तांदूळ देऊन ज्वारी घेते, किंवा त्याच्या पैशांतून पावशेर तेल व मूठभर तूरडाळ आणते. ह्यास चैन म्हणावयाचे असेल तर मग काटकसर कशास म्हणावे, हे एकदा आम्हांस कोणी समजावून सांगावे. "फुकट ते पौष्टिक" ही म्हण आपण विनोदाने वापरतो. सरकारने ती शास्त्र म्हणून स्वीकारली आहे की काय, अशी शंका येते.

तथापि ज्या धान्याची विक्री होत नाही, जे घरात शिजते, त्याचा परिणाम काय होतो? धान्यावर वाचलेला पैसा जातो कोठे? ह्याचे उत्तर छत्तीसगडने दिले आहे. तेथे २००४ साली रास्त भावाची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व बचत गट ह्यांच्या हाती दिली गेली, आणि पुढे स्वस्त धान्याची व्याप्तीही वाढविली गेली. अभ्यासकांनी शेजारच्या राज्यांतील सीमेलगतच्या कुटुंबांशी तेथील कुटुंबांची तुलना केली, तेव्हा असे दिसले की, तांदूळ स्वस्त मिळू लागल्यावर छत्तीसगडातील गरिबांच्या ताटात डाळी, भाजीपाला व मांसमासळी-अंडी ह्यांसारखे पदार्थ वाढले. देशभरचे चित्रही ह्याशी विसंगत नाही. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी सुमारे २२ टक्के खर्च धान्यावर होत असे. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास आला. ह्याचे सारे श्रेय रेशनला देणे बरोबर होणार नाही. उत्पन्न वाढले, खाण्याच्या सवयी बदलल्या, हेही खरे. पण धान्याची चिंता मिटली की गरीब मनुष्य दुधाकडे, भाजीकडे, डाळीकडे वळतो. दारूच्या गुत्त्याकडेच वळतो असे नाही, एवढे तरी ह्यावरून मान्य करावयास हरकत नसावी.

गरिबाच्या टोपलीत डोकावून पाहण्याची ही खोड आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत १९३९ साली रॉचेस्टर शहरापासून फूड स्टँपची पद्धत सुरू झाली. आज त्यांची जागा कार्डाने घेतली आहे. त्या कार्डावर लोक गोड पेयेच विकत घेतात, असा तेथे मोठा ओरडा असतो. तेथील कृषिखात्याने २०१६ साली एका मोठ्या किराणा व्यवसायाच्या विक्रीचे आकडे तपासून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांच्या किराणा खर्चात शीतपेयांचा वाटा सव्वापाच टक्क्यांहून थोडा अधिक निघाला. पण साहाय्य न घेणाऱ्या घरांतही तो ४ टक्के होता! दोन्ही टोपल्यांतील जिन्नस पुष्कळसे सारखेच निघाले. अर्थ स्पष्ट आहे: गरीब जे चुकीचे खातो ते समाजाकडून शिकून खातो. फरक इतकाच की, त्याची टोपली उघडी असते आणि आपली झाकलेली.

आता खर्चाच्या बाजूस एक रकम अशी आहे, की तिच्याविषयी पेठेत बोलणे कोणास रुचत नाही. २०२३-२४ च्या सुमारास एक किलो तांदूळ विकत घेऊन, साठवून, वाटपापर्यंत आणण्यास सरकारला ३९ रुपयांच्या आसपास खर्च येत होता. समजा, एखाद्या बाईने तो १५ रुपयांस विकला. मग उरलेले मोल गेले कोठे? सरकारचे गेले, बाईस मिळाले नाही. ते मधल्या हातांनी खाल्ले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच! ह्या धान्याची खरेदी-विक्री कायद्याने निषिद्ध आहे. आणि नेमक्या ह्याच कारणामुळे विकणाऱ्यास भाव मागण्याची सोय नाही. तिची भीती हेच घेणाऱ्याचे भांडवल. दुकानात वजन करून ज्याने पिशवी घेतली, त्याच गृहस्थाने संध्याकाळी गरिबांच्या नियतीवर प्रवचन करावे, ह्यास काय म्हणावे? आमचे सर्व व्यापारी वाचक असे करतात असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांचा व्यवहार चोख आहे. परंतु जे करतात ते कोण, हे पेठेस ठाऊक असते, आणि पेठ गप्प राहते.

शिवाय सर्वच गळती घरातून होत नाही. सरकारी कोठारांतून उचललेल्या धान्यापैकी घरोघर खाल्ल्याचा पत्ता न लागणारा भाग २०११-१२ मध्ये सुमारे ४२ टक्के होता, असे अर्थशास्त्रज्ञांनी काढले. २०२२-२३ साठीचा एक अंदाज २८ टक्क्यांचा आहे. ह्या आकड्यांत घरांनी विकलेले धान्यही थोडेबहुत मोडत असेल. तरी दोन-चार किलोंच्या पिशव्यांनी एवढा मोठा खड्डा पडत नाही. त्यास ट्रक लागतात. पिशवी दिसते म्हणून तिच्यावर टीका करावयाची व ट्रक दिसत नाही म्हणून तो विसरावयाचा, हा न्याय नव्हे.

ह्यावर कित्येक विचारी गृहस्थ म्हणतील की, मग धान्याऐवजी रोख पैसेच द्यावे. ज्यास जे हवे ते तो घेईल. युक्तिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे, पण अनुभव सावध करणारा आहे. झारखंडात राँचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये हा प्रयोग झाला. लोकांनी आधी बँकेत जाऊन पैसे काढावे व मग तेच पैसे दुकानात भरून तांदूळ घ्यावा, अशी ती रीत होती. मजुरी बुडवून बँकेच्या फेऱ्या घालाव्या लागल्या. लोकांनी राँचीपर्यंत मोर्चा नेला आणि २०१८ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्या राज्यातही मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांस स्वस्त धान्याऐवजी २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा माणशी १५० रुपये देण्याचे ठरले व पुढे ती रकम १७० करण्यात आली. बाजारभाव वर्षात चार वेळा बदलतो. सरकारी ठराव मात्र तितक्या लौकर बदलत नाही. रुपया झिजतो, किलो झिजत नाही, हे गरीब घरची बाई अर्थशास्त्र न शिकता जाणते. धान्य घरात आले म्हणजे ते शिजते. पैसा घरात आला म्हणजे त्यावर देणेकऱ्याचा, दवाखान्याचा आणि कधी कधी नवऱ्याच्या व्यसनाचा डोळा असतो. कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख मानले आहे, ते उगीच नव्हे.

तेव्हा धान्य बंद करणे हा उपाय नाही. धान्याची पिशवी शहाणपणाने भरणे हा उपाय आहे. आणि ह्यात अशक्य असे काही नाही. तामिळनाडूत रेशनच्या दुकानातून तूरडाळ ३० रुपये किलो व पामतेल २५ रुपये लिटर ह्या दराने मिळत आले आहे. कर्नाटकाने दक्षिणेकडे नाचणी व उत्तरेकडे ज्वारी देण्याचा मार्ग धरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने जादा ५ किलो तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर व मीठ ह्यांचा संच देण्याचे ठरविले. दूर कशास जावे? आमच्याच राज्याने २०२२ च्या दिवाळीत "आनंदाचा शिधा" म्हणून रवा, साखर, चणाडाळ व तेल १०० रुपयांत ह्याच दुकानांतून दिले. जी डाळ दिवाळीच्या दिवशी दुकानापर्यंत पोहोचू शकते, तिला आषाढातच वाट का सापडू नये? आनंद सणापुरता असेल. भूक बारमाही आहे. प्रत्येक जिल्ह्यातील लोकांचे मुख्य अन्न पाहून ज्वारी, बाजरी किंवा नाचणी द्यावी, ती जवळच्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावी, आणि दरमहा प्रत्येक पत्रिकेवर डाळ व तेल द्यावे, अशी आमची सरकारास आग्रहाची सूचना आहे. मग तांदळाची पिशवी पेठेत आपोआपच कमी दिसेल. तिच्यासाठी पोलिस ठेवावा लागणार नाही.

ह्या सूचनेवर एक जुनी म्हण आमच्या तोंडावर फेकली जाईल, हे आम्ही जाणतो: धर्माची गाय आणि दात का नाय! फुकट मिळते ते मुकाट्याने घ्यावे, त्यात निवड कसली? आमचे सगळे भांडण ह्याच म्हणीशी आहे. हा शिधा कोणाच्या दारची भिक्षा नव्हे. तो देशाच्या संसदेने केलेल्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि हक्काच्या वस्तूचे दात पाहण्याचा अधिकार घेणाऱ्यास असतोच असतो. १९४३ साली मुंबईत रेशन सुरू झाले तेव्हा वकील, व्यापारी आणि गिरणीकामगार एकाच कार्डाचे धनी होते. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलोस नाके मुरडणाऱ्यांत आजच्या सुखवस्तू घरांचे वडीलधारेही होते, आणि त्यांस कोणी कृतघ्न म्हटले नाही. आज आपण त्या रांगेतून बाहेर पडलो, ही भाग्याची गोष्ट. परंतु रांगेत उरलेल्यांची जीभ कापून टाकण्याचा अधिकार त्या भाग्याबरोबर आपणांस मिळालेला नाही.

आमच्या वाचकांस आमची एक विनंती आहे. ह्या महिन्यात आपल्या घरी डाळ, तेल, भाजी व दूध ह्यांवर काय खर्च झाला, तो एका कागदावर लिहून काढावा. मग तेवढ्याच माणसांच्या एखाद्या मजुराच्या घरची मिळकत त्याच्या शेजारी मांडावी, आणि २५ किलो धान्य जमेस धरून महिना पुरा करून दाखवावा. ज्यास तो पुरा करता येईल त्याने खुशाल तांदूळ विकणाऱ्या बाईस दोष द्यावा. ज्यास येणार नाही त्याने तिची पिशवी परत तिच्या हाती देऊन, डाळ व तेलासाठी सरकारदरबारी तिच्या बाजूने आपली सही करावी.