कॅमेरा कोणत्या बाजूला उभा असतो?

पडद्यावर दिसले म्हणजे ते घडले, आणि जसे दिसले तसेच घडले, ही भाबडी श्रद्धा चळवळीतील चांगल्या जाणत्या कार्यकर्त्यांच्या मनातही घर करून असते. अग्रलेख वाचताना तो कोणत्या वृत्तपत्रातला, त्या वृत्तपत्राचा मालक कोण, हे प्रश्न ज्याला सहज सुचतात, तोच कार्यकर्ता रात्रीच्या बातम्यांतील दृश्य मात्र पुरावा म्हणून स्वीकारतो. शब्द खोटे बोलतील, चित्र कसे खोटे बोलेल, असा त्याचा रोकडा युक्तिवाद असतो. परंतु चित्रालाही कर्ता असतो. कॅमेरा कोणीतरी, कुठेतरी ठेवलेला असतो. चौकटीत काय घ्यावयाचे आणि काय बाहेर ठेवावयाचे हे ठरलेले असते. कोणत्या दृश्यामागून कोणते दृश्य यावे याचा निर्णय संकलकाने केलेला असतो. निवेदकाच्या तोंडचे राजकारण ऐकू तरी येते, त्याचा प्रतिवाद करता येतो. या निर्णयांतले राजकारण ऐकू येत नाही, आणि म्हणूनच ते अधिक खोलवर जाते.

सिनेमाचा आरंभच कारखान्याच्या दारात झाला, हा योगायोग मोठा बोलका आहे. १८९५ साली फ्रान्समधील ल्यों शहरात लुमिएर बंधूंनी जो पहिला चित्रपट दाखविण्यासाठी तयार केला, त्याचा विषय कामावरून सुटणारे कामगार हा होता. कारखाना लुमिएर कुटुंबाचाच, छायाचित्रणाच्या काचा तयार करणारा. दरवाजा उघडतो, स्त्रिया आणि पुरुष लगबगीने बाहेर पडतात, पांगतात. सारा मामला जेमतेम पन्नास सेकंदांचा. याच विषयाचे तीन निरनिराळे पाठ चित्रित झाले. म्हणजे जगातला पहिला ‘वास्तव’ चित्रपटही मालकाच्या आज्ञेने पुन्हा पुन्हा वठवून घेतलेला होता! ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएरांचे खेळ प्रथम दाखविले गेले, तेव्हा त्या कार्यक्रमातही कामगार कारखान्याबाहेर पडतानाचे हे दृश्य होते. तिकीट एक रुपया. ज्या शहराच्या गिरण्यांमधून रोज हजारो माणसे अशीच बाहेर पडत होती, त्या शहरातल्या साहेबलोकांनी आणि धनिकांनी रुपया मोजून परदेशातले कामगार पाहिले.

या पन्नास सेकंदांत कॅमेरा दरवाजासमोर, बाहेर, स्थिर उभा आहे. आत काय चालते, दिवसाचे किती तास चालते, काचांवर लावावयाची रसायने कोणाच्या हातांना लागतात, हे त्याला दिसत नाही. मालकाचा कॅमेरा मालकाच्याच दारात बाहेर थांबला. जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी यांनी १९९५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, याच नावाचा एक चित्रपट केला आणि शतकभरातील चित्रपटांमधली कारखान्यांची दारे एकापुढे एक मांडून दाखविली. त्यांचे निरीक्षण असे की, बहुसंख्य चित्रपटांची गोष्ट माणूस काम संपवून बाहेर पडला की मग सुरू होते. हिंदी आणि मराठी चित्रपटांना हे निरीक्षण लावून पाहण्यास हरकत नाही. नायक गिरणीत ‘आहे’ असे सांगितले जाते. साच्यावर उभा असलेला नायक किती वेळ दिसतो?

दूरचित्रवाणीने ही दाराबाहेर उभे राहण्याची सवय जशीच्या तशी उचलली. ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठातील काही अभ्यासकांनी १९७५ मधील बातमीपत्रे महिनोन्‌महिने ध्वनिचित्रमुद्रित करून त्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि १९७६ साली ‘बॅड न्यूज’ या ग्रंथात आपले निष्कर्ष मांडले. औद्योगिक तंट्याच्या बातमीत व्यवस्थापक बोलतो तो आपल्या कार्यालयात बसून. पाठीमागे पुस्तके किंवा पडदे, खोलीत शांतता, प्रकाश नीट सोडलेला, वाक्य पुरे करावयास सवड. कामगार बोलतो तो रस्त्यावर किंवा दारात उभा राहून, वाऱ्यात, मोटारींच्या आवाजात, भोवती गर्दी असताना. दोघांनी अक्षरशः एकच वाक्य उच्चारले तरी पहिले समंजस वाटेल आणि दुसरे आक्रस्ताळे. त्या वर्षी ग्लासगो शहरातील कचरागाड्यांच्या चालकांनी संप केला. राष्ट्रीय बातमीपत्रांतून कचऱ्याचे ढीग पुन्हा पुन्हा दाखविले गेले, आरोग्यास असलेला धोका सांगितला गेला, कचरा उचलण्यासाठी आणलेले सैनिक दाखविले गेले. संपावरील एकाही चालकाची मुलाखत त्या राष्ट्रीय बातम्यांत नव्हती. खोटे असे काहीच दाखविले नव्हते. ढीग खरेच होते.

आजच्या वाहिन्यांना तर रस्त्यापर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. पडद्याचे आठ चौकोन करावयाचे, मधला मोठा चौकोन सूत्रसंचालकाचा, आणि कोपऱ्यातल्या लहान चौकोनात कुठल्याशा शेतात, कानात निसटणारे यंत्र धरून उभा असलेला शेतकरी. त्याला प्रश्न उशिरा ऐकू येतो, म्हणून तो थांबून उत्तर देतो, आणि तेवढ्या विलंबाने तो मंदबुद्धी ठरतो.

परंतु कॅमेऱ्याच्या जागेने काय होते आणि संकलनाने काय होते, याचे सर्वांत धडधडीत उदाहरण १८ जून १९८४ चे आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ऑरग्रीव्ह येथे कोक तयार करण्याचा कारखाना होता. खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप तेव्हा ऐन भरात होता. त्या दिवशी हजारो कामगार निदर्शनासाठी जमले, आणि त्यांच्यावर घोडेस्वार पोलीस घालण्यात आले. त्या रात्रीच्या बीबीसीच्या बातमीपत्रात प्रेक्षकांनी जे पाहिले त्याचा क्रम असा होता : कामगार दगड फेकत आहेत, आणि मग घोडदळ पुढे सरकते आहे. कामगार सांगत होते की आधी घोडे आले. १९९१ साली बीबीसीने मान्य केले की दृश्यांचा क्रम उलटला गेला होता. मात्र घाईच्या कामात, अनवधानाने. ते अनवधान होते असे क्षणभर धरून चालू. मग विचारावयाचा प्रश्न एवढाच राहतो की, घाईत असलेल्या संकलकाच्या हाताला ‘आधी दगड, मग घोडा’ हाच क्रम स्वाभाविक का वाटला? ज्याच्या डोक्यात पोलीस हे नेहमी प्रत्युत्तरच देतात असे पक्के बसले आहे, त्याच्या हातून चूक झाली तरी ती त्याच बाजूला होणार.

संकलनाची ताकद ती हीच. दोन्ही दृश्ये खरी आहेत, त्यांच्यातला शब्दही कोणी बदललेला नाही. केवळ मागचे पुढे केले की कारण हे परिणाम बनते आणि परिणाम हे कारण. पुढे १९८५ साली पंचाण्णव कामगारांवरील खटले कोसळले, १९९१ मध्ये पोलिसांना एकोणचाळीस जणांना सव्वाचार लाख पौंड द्यावे लागले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने या प्रकरणाच्या चौकशीची घोषणा केली. एका रात्रीच्या काही सेकंदांच्या चित्रफितीने जे मत बनविले ते पुसण्याचे काम चाळीस वर्षांनीही पुरे झालेले नाही.

शिवाय कॅमेऱ्याच्या जागेचा प्रश्न आहेच. त्या संपाच्या काळात बातमीचे कॅमेरे बहुधा पोलिसांच्या रांगेमागे उभे असत. त्याला कारणेही होती. कामगारांचा वार्ताहरांवर विश्वास उरला नव्हता, आणि पोलिसांच्या मागची जागा सुरक्षित होती. पण परिणाम काय झाला? तिथून पाहिले की कामगारांची फक्त तोंडे दिसतात, संतापलेली, पुढे येणारी, आणि त्यांनी फेकलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे घरात चहा पीत बसलेल्या प्रेक्षकाकडे येतो. पोलिसांच्या पाठी दिसतात, आणि त्या पाठी प्रेक्षकाचे रक्षण करीत आहेत असे वाटते. कोणी काही सांगण्यापूर्वीच प्रेक्षक पोलिसांच्या बाजूचा झालेला असतो.

कॅमेऱ्याकडे येणारा असाच एक दगड मराठी प्रेक्षकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ मधील ‘फँड्री’ चित्रपटाचा शेवट त्या दगडाने होतो. दृश्याची रचना तीच : फेकणारा समोर, कॅमेरा त्याच्यासमोर, दगड प्रेक्षकावर. पण इथे त्या दगडाला कोणी दंगल म्हणू शकत नाही. कारण जब्याच्या हातात दगड येण्यापूर्वी कॅमेरा दीड तासाहून अधिक काळ त्याच्या बाजूला राहिलेला आहे. त्याच्याबरोबर रानात भटकला आहे, शाळेत बसला आहे, डुकरामागे धावण्याची वेळ येताच त्याच्याबरोबर लपला आहे. गाव तमाशा पाहावा तसे हसत उभे असते, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडे दिसतात ती जब्याच्या जागेवरून. मारलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि भिंतीवर सावित्रीबाई फुले व डॉ. आंबेडकर यांची चित्रे रंगविलेली आहेत. एकही वाक्य न उच्चारता, केवळ भिंतीला पार्श्वभूमी करून, दिग्दर्शकाने जे मांडले ते मांडावयास वक्त्याला तासभर लागता. त्यानंतर आलेला दगड कोणावर येतो हे प्रेक्षकाला नेमके कळते. ऑरग्रीव्हच्या दगडापूर्वीचे जे कापून टाकले होते, ते ‘फँड्री’ने आधी पुरते दाखविले, एवढाच त्या दोन दगडांमधला फरक.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) उलट मार्गाने जातो. तिथे कॅमेरा कोणाच्याच जवळ जात नाही. लांबवर मुकाट उभा राहून तो न्यायालयाची सगळी खोली पाहतो, आणि आरोपी लोकशाहीर त्या खोलीत एक लहानसा माणूस होऊन बसतो. त्याच्या डोळ्यांतील पाणी दाखवून काम सोपे करून घेण्याचा मोह टाळला आहे. न्यायालय सुटीसाठी बंद होते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा अंधारात तसाच राहतो. कंटाळा येतो, अशी तक्रार काहींनी केली. तारखेमागून तारीख म्हणजे काय, हे त्या कंटाळ्याखेरीज कसे कळावे?

तंत्राला मात्र जादू समजू नये. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइन यांनी १९२५ मधील ‘स्ट्राइक’ या चित्रपटात कामगारांच्या कत्तलीची दृश्ये आणि खाटीकखान्यातील बैलाच्या हत्येची दृश्ये एकमेकांत गुंफली. प्रेक्षकाच्या अंगावर शहारे यावेत हा हेतू. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, जो शेतकरी घरचे जनावर स्वतः कापतो त्याच्यावर या गुंफणीचा परिणाम होत नाही. चित्राचा अर्थ निम्मा पडद्यावर असतो आणि निम्मा पाहणाऱ्याच्या जगण्यात. क्रांतीच्या बाजूने उभा असलेला इतका मोठा कलावंतही आपला प्रेक्षक कोण हे विसरू शकला, ही गोष्ट प्रचारपत्रके काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किलोमीटरची पायपीट. त्या मोर्चाची दोन प्रकारची चित्रे देशभर गेली. एक उंचावरून घेतलेले, लाल टोप्यांची रस्त्यावरून वाहणारी नदी. दुसरे अगदी जवळून घेतलेले, सोललेले, रक्ताळलेले तळपाय. परीक्षार्थी मुलांना त्रास होऊ नये म्हणून मोर्चा रात्रीच चालत शहरात आला, आणि सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन पुढे आले. हा जिव्हाळा खरा होता, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही चित्रांत एक गोष्ट नव्हती : चेहरा. उंचावरून माणसे दिसेनाशी होतात, आणि तळपायाला तोंड नसते. त्या मोर्चात बहुसंख्येने आदिवासी होते, आणि त्यांची प्रमुख मागणी २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार कसत असलेल्या जमिनी नावावर होण्याची होती. दाव्याची कागदपत्रे कुठे अडतात, कोण अडवतो, कसत आलेल्या जमिनीपैकी पट्टा प्रत्यक्षात किती जमिनीचा मिळतो, हे सांगावयास समोर बसलेला माणूस आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत न हलणारा कॅमेरा लागतो. तळपायाने करुणा मिळाली. करुणेची मुदत थोडी असते. सरकारने लेखी आश्वासन दिले, मोर्चा परतला, कॅमेरे परतले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत व पुन्हा २०२३ च्या मार्चमध्ये त्याच प्रश्नांसाठी त्याच रस्त्यावर उतरावे लागले.

आता प्रत्येक शाखेत कॅमेरा आहे. खिशातला फोन काढला की चित्रीकरण सुरू होते, आणि भांडवलदारांच्या वाहिन्या दाखवीत नाहीत ही तक्रार पूर्वीइतकी पुरेशी राहिलेली नाही. अशा वेळी पक्षांच्या आणि युनियनच्या कार्यक्रमांचे जे चित्रीकरण रोज प्रसृत होते, ते जरा परक्याच्या नजरेने पाहावे. कॅमेरा व्यासपीठासमोर, खालच्या बाजूस. पुढारी त्यामुळे आहे त्याहून उंच दिसतो. हार, सत्कार, दीपप्रज्वलन साद्यंत. मग भाषण. मधूनच समुदायाचे एक दृश्य, तेही व्यासपीठावरून घेतलेले, ज्यात माणसे मोजता येतात आणि ओळखता येत नाहीत. सभेच्या शेवटी तिसऱ्या रांगेतील एखादी अंगणवाडी सेविका उठून मानधन किती महिने थकले आहे ते सांगते आणि त्याचे काय करणार असे विचारते. ध्वनिक्षेपक व्यासपीठावरच असतो. चित्रफितीत तिची पाठ दिसते, ओठही नाही. ऐकू येतो तो फक्त पुढाऱ्याने दिलेला जबाब.