शेजारी राहणारे दोन आजार

आमच्या भावोजींनी गेल्या दिवाळीत कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. मधुमेह बारा वर्षांचा, वडील हृदयविकाराने गेलेले. कारण विचारले तर म्हणाले, ''या गोळीने साखर वाढते असे वाचले. आणि जे रक्तातच आहे ते गोळीने थोडेच टळणार?'' पहिले विधान अर्धसत्य होते, दुसरे साफ चुकीचे. पण दोन्हींचे धागे खऱ्या संशोधनापर्यंत जातात, म्हणून हा लेखप्रपंच.

मधुमेह्याच्या हृदयाला धोका अधिक, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रश्न होता कारणाचा. साखर धमन्या बिघडवते, की दोन्ही आजार एकाच मुळातून उगवतात? २००७ साली उत्तर हाती आल्यासारखे वाटले. हृदयविकाराची जनुके शोधणारे आणि मधुमेहाची शोधणारे असे दोन वेगळे गट नवव्या गुणसूत्राच्या एकाच भागापाशी येऊन पोहोचले. मुळच सापडले म्हणावे, तर बारकाईने पाहता तिथले बदल दोन निघाले, शेजारशेजारचे पण स्वतंत्र. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, तसे.

पुढे २०१७ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांची छाननी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. मधुमेहाचा धोका वाढवणारे जनुकीय बदल एकत्रितपणे हृदयविकाराचाही धोका वाढवतात; उलट दिशेने मात्र तसे दिसत नाही. म्हणजे रस्ता बराचसा एकेरी आहे. मधुमेह रोखला तर हृदयाचे रक्षण होण्याची आशा त्यातून दिसते.

आता भावोजींची गोळी. २०१० साली तेरा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला आणि स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण ९ टक्क्यांनी अधिक आढळले. २०१५ मध्ये त्यामागचे एक कारणही पुढे आले. हे औषध ज्या विकराला अडवते, त्याच्याच जनुकात ज्यांना जन्मतः तसा बदल असतो, त्यांचे कोलेस्टेरॉल कमी, पण वजन आणि मधुमेहाचा धोका किंचित अधिक असतो. एकाच जनुकाने हृदयाला तारावे आणि साखरेला चढवावे, असा हा विचित्र व्यवहार! पण हिशेब पुरा मांडायला हवा. २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे पाचएक गंभीर प्रसंग टळतात. भावोजींना तर मधुमेह आधीच झालेला. त्यांनी कशाला भ्यावे?

राहिला 'रक्तातच आहे' हा मुद्दा. टीसीएफ७एल२ या जनुकातील बदल मधुमेहाशी घट्ट जोडलेला आहे. पुण्याच्या रुग्णांतही तो २००७ मध्ये दिसला. तरी अमेरिकेतील चाचणीत असा बदल असलेल्यांनाही आहार-व्यायामाचा लाभ झालाच. शिवाय जनुकांपलीकडेही पुष्कळ काही असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपला काटकुळा माणूस आतून लठ्ठ असतो तो असा, आणि याची सुरुवात आईच्या पोटात होते, असे पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील त्यांचा अभ्यास सांगतो. गर्भारशी बाईचे ताट हा काही जनुकांचा प्रश्न नव्हे.

अशा स्थितीत जनुकचाचणीचे संच घरपोच विकले जातात, आणि हजारो रुपये मोजून लोक भविष्य विचारतात. यातले बरेचसे आडाखे युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेले. दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. तिचा अर्थ लावायला वेळ लागेल.

तोवर सरकारने हाताशी आहे ते तरी करावे. २०२३ च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीत साखर, रक्तदाब आणि तीन कर्करोग येतात. रक्तातल्या चरबीचा त्या यादीत पत्ता नाही. दोन आजार इतके शेजारी असताना एकाचेच दार का ठोठवायचे, हे कोणी तरी विचारायला हवे.

भावोजी अखेर डॉक्टरांकडे गेले. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. सकाळचे फिरणे मात्र अजून 'उद्यापासून'च आहे.